रूम पार्टनर पारखताना

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की साताऱ्यात आणि सांगलीत खोल्या शोधणाऱ्यांची धावपळ सुरू होते. साताऱ्यात सदर बझार, गोडोली, करंजे, शाहूपुरी. सांगलीत विश्रामबाग, वान्लेसवाडी, शंभर फुटी रस्ता. मिरजेत मेडिकल कॉलेजचा परिसर. जत-आटपाडीकडचा मुलगा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला येतो, पाटण-जावळीची मुलगी छत्रपती शिवाजी कॉलेजात नाव घालते. त्यांच्या जोडीला असतात एमआयडीसीत नव्याने लागलेले कामगार, बदली होऊन आलेले बँकेतले लोक, मिरजेच्या दवाखान्यांतल्या परिचारिका, पोलीस भरतीच्या अकॅडमीतली पोरे. एकट्याला भाडे झेपत नाही, म्हणून तिघे-चौघे मिळून घर धरतात.

घर बघताना सगळे नीट बघतात. पाणी किती वेळ येते, गळती आहे का, गाडी कुठे लावायची, हे सारे विचारून होते. ज्याच्या शेजारी कॉट टाकायची त्या माणसाला मात्र बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारले जातात: गाव कुठलं, आणि आडनाव काय? वर्षभराची झोप, अभ्यास, पैसा आणि सुरक्षितता ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याची चौकशी एवढ्यावर संपते. मग दिवाळीच्या आसपास खोल्या फुटू लागतात. कुणी भाडे थकवून गावाला जातो, कुणाची परीक्षा दुसऱ्याच्या मित्रमंडळींत वाहून जाते.

सोबती निवडण्याच्या या प्रश्नाचा आढावा घेताना माझे म्हणणे आधीच सांगतो. चौकशी कसून करावी, दोन्ही बाजूंनी करावी, आणि ती माणसाच्या सवयींची आणि हिशेबाची करावी. जात आणि गाव विचारून खोली सुखाची होत नाही. त्या प्रश्नांनी चांगली माणसे मात्र दारातूनच परत जातात.

गावाचा जामीन

या पट्ट्याला वाटून राहणे नवे नाही. आजचा सांगली जिल्हा पूर्वी बराचसा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. डोंगरकपारीतली थोडकी शेती आणि पूर्वेकडचा दुष्काळ यांमुळे इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. कुणी गिरणीत लागले, कुणी गोदीत, कुणी बाजारात पाठीवर पोती वाहिली. त्यांच्यासाठी गावोगावच्या मंडळींनी मुंबईत खोल्या धरून ठेवल्या होत्या. 'गावची खोली' असेच त्यांना म्हणत. भिंतीला पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. एका खोलीत दहा-पंधरा जण, कधी त्याहून जास्त. रात्रपाळीचा माणूस सकाळी परत आला की दिवसपाळीवाल्याने रिकाम्या केलेल्या जागेवर अंग टाकायचा. जेवण खानावळीत.

इथे नव्या माणसाची पारख कशी होत असे? वेगळी करावीच लागत नसे. त्याचा बाप, चुलता, घर, बांध सगळ्यांना ठाऊक. खोलीत पैशाची अफरातफर झाली तर बातमी पुढच्या जत्रेच्या आत गावात पोचणार, याची प्रत्येकाला खात्री. गाव हाच जामीन होता. आजारपणात औषधपाणी, संपात उधारी, नव्याला कामाची ओळख, हे सारे त्या जामिनातून मिळे. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे. ज्या कष्टकऱ्यांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्यांतल्या कितीतरी जणांनी अशाच खोल्यांत उमेदीची वर्षे काढली.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावची खोली गावातल्या सगळ्यांची असेच असे नाही. गावात जी वेशीबाहेरची वस्ती, ती मुंबईतही बहुतेक वेगळ्याच चाळीत राहिली. गावाचा जामीन ज्यांना होता त्यांना तो भक्कम होता. ज्यांना नव्हता त्यांच्यासाठी दार बंद होते. आज तर तो जामीन आतल्यांसाठीही फारसा उरलेला नाही. कडेगावचा मुलगा आणि वाईचा मुलगा सांगलीत एका खोलीत येतात, तेव्हा एकाच्या घरची माणसे दुसऱ्याच्या घरच्यांना ओळखत नाहीत. 'गाव कुठलं?' या प्रश्नाला आज गावाचे नाव तेवढे मिळते, त्यामागची हमी मिळत नाही. तरीही प्रश्न सवयीने चालू राहिला आहे.

बोर्डिंगचा धडा

अनोळखी माणसांनी एकत्र कसे राहावे, याचा मोठा प्रयोग याच भागात शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. त्याची सुरुवात कोल्हापुरात होते. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. दार सगळ्यांना उघडे होते, पण प्रत्यक्षात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. तेव्हा १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या काळी शिक्षण खेड्यापर्यंत न्यायचे तर तोच मार्ग व्यवहारी होता. दार उघडे ठेवले म्हणून आत सगळे एकत्र राहू लागत नाहीत, हेही त्यातून कळले.

भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात शिकायला होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले, परतल्यावर अंघोळ करून 'शुद्ध' व्हायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि तिथे त्यांचे बोर्डिंग उभे राहिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एका पंक्तीला बसत होती. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्यातली कामाची वाटणी सर्वांत मोलाची वाटते. बोर्डिंगात मुलाला कामे नेमून दिलेली असत: पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट, शेतातले काम. एकमेकांविषयी प्रेम वाटायला लागेपर्यंत कुणी थांबले नाही. आज भाकरी कुणी थापायची हे ठरलेले होते, आणि जो थापेल त्याच्या हातची सगळ्यांनी खायची हेही ठरलेले होते. एकत्र राहण्याची शिस्त आधी आली, माया मागून आली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा 'कमवा आणि शिका' हेच सूत्र कॉलेजच्या पातळीवर गेले. आजच्या तीन कॉटच्या खोलीलाही हे जसेच्या तसे लागू पडते. नव्या माणसाला घेताना 'तू कोणाचा?' यापेक्षा 'तुझ्या वाट्याचे काम तू करशील का?' हा प्रश्न जास्त खरा आहे.

आज माणूस कुठून मिळतो

आज सोबती मिळण्याच्या वाटा चार-पाच आहेत, आणि प्रत्येक वाटेची पारख वेगळी आहे.

पहिली वाट कॉलेजातल्या सीनियरची. तिची विश्वासार्हता चांगली, कारण सीनियरने त्या मुलासोबत दिवस काढलेले असतात. मात्र सीनियरला स्वतःची खोली रिकामी करून डिपॉझिट सोडवायचे असेल, तर त्याची शिफारस जपून ऐकावी.

दुसरी वाट एजंटची. तो घर दाखवतो, आपली दलाली घेतो. तुमचे सोबत्याशी जमते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

तिसरी कॉट बेसिसची. इथे मालक प्रत्येक कॉटचे भाडे वेगळे घेतो आणि शेजारी कोण येणार हे तोच ठरवतो. अशा ठिकाणी पारख करायची ती मालकाची. रिकामी कॉट भरताना आधीच्यांना विचारणार का, आणि जमले नाही तर खोली बदलून देणार का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत.

चौथी वाट व्हॉट्सॲपचे ग्रुप आणि घर शोधायची ॲप. माणसे भरपूर मिळतात, पण फोटोवरून कुणाची पारख होत नाही. घर न बघता आणि माणसाला न भेटता टोकन म्हणून पैसे पाठवू नयेत. यात फसलेले बरेच आहेत.

पाचवी वाट जुनी आणि दुर्लक्षित आहे: मेस. जिथे महिनाभर डबा लावला आहे, तिथल्या काकूंना कोण पैसे वेळेवर देतो, कोण खाडा न सांगता ताट वाया घालवतो, कोण कामवालीशी उर्मटपणे बोलतो, हे सगळे ठाऊक असते. कुणाबद्दल चौकशी करायची झाली तर मेसच्या काकूंइतकी माहिती फार थोड्यांकडे मिळेल.

आडनावाचा प्रश्न

'पाव्हणं, गाव कुठलं?' हा आपल्याकडे आपुलकीने विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि बोलणे सुरू करायला तो चांगलाच आहे. अडचण पुढे येते. गावावरून आडनाव, आडनावावरून जात, जातीवरून जेवण, जेवणावरून 'जागा आता दिलीय' हे उत्तर. दलित आणि मुस्लिम मुलांना हा अनुभव इतका नित्याचा आहे की अनेकजण फोनवर पूर्ण नाव आधीच सांगून टाकतात, म्हणजे हेलपाटा तरी वाचावा.

अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घर मागणाऱ्यांची बाकी पात्रता सारखी ठेवली आणि नावांतून जात व धर्म तेवढे वेगळे ठेवले. दलित आणि मुस्लिम नावांच्या वाट्याला नकार आणि जाचक अटी जास्त आल्या. अभ्यास दिल्लीचा असला तरी आपल्या शहरांत खोली शोधलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही.

कायदा इथे अर्धाच पोचतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण तिघांनी आपल्या खोलीत चौथा कोण घ्यावा, या खासगी निवडीत बहुतेक वेळा कारण सांगितलेच जात नाही, म्हणून ते सिद्धही होत नाही. तेव्हा ही जबाबदारी निवडणाऱ्याच्या विवेकावर येते. जेवणाबद्दल खरी अडचण असेल तर ती सरळ सांगता येते: आमच्या स्वयंपाकघरात मटण-मासे शिजत नाहीत, बाहेर खायला हरकत नाही, चालेल का? याला समोरचा हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. त्याने काय खायचे हे आडनावावरून आपणच ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शाकाहारी आडनावाचा मुलगा रोज अंडी उकडतो आणि माळकरी घरातला मुलगा भाडे बुडवणारा निघतो, हे खोलीत राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

काय विचारावे

आता मुद्द्याचे. माझ्या मते चौकशीचे विषय सहा आहेत.

वेळ सगळ्यांत आधी. खोलीतली निम्मी भांडणे घड्याळाची असतात. पोलीस भरतीची तयारी करणारा पहाटे साडेचारला उठून मैदानावर पळायला जातो. नाईट ड्युटी करून आलेली परिचारिका सकाळी आठला झोपते. एमपीएससीवाला रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसतो. हे तिघेही सज्जन आहेत, पण एका खोलीत एकमेकांना छळतील. म्हणून 'तू उठतोस कधी, झोपतोस कधी, अभ्यास मोठ्याने वाचून करतोस की मनात, फोनवर कुठे बसून बोलतोस' हे स्पष्ट विचारावे. दोन खोल्या असतील तर वेळ जुळणाऱ्यांना एकत्र टाकून प्रश्न सुटतो.

दुसरा विषय पैसा. घरून पैसे कधी येतात, पगार कितव्या तारखेला होतो, शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे का? हे विचारण्यात कमीपणा नाही आणि सांगण्यातही नाही. शेतकऱ्याच्या मुलाचे पैसे उसाच्या बिलावर अवलंबून असतील तर ते उशिरा येऊ शकतात. आधी माहीत असेल तर सोय करता येते. आयत्या वेळी कळले की तो बुडव्या ठरतो.

तिसरा विषय पाहुणे. गावाकडचा भाऊ परीक्षेला येणार, मित्र एका रात्रीसाठी म्हणून येऊन आठवडाभर राहणार. किती रात्रीपर्यंत चालेल, आधी सांगायचे का, त्यांचे पाणी-जेवण कुणाच्या खात्यावर, हे ठरवून घ्यावे.

चौथा विषय काम. भांडी कोण घासणार, संडास-बाथरूम आठवड्यात कितव्या दिवशी कुणाचे, पाण्याची वेळ कोण सांभाळणार? साताऱ्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते. ठरलेल्या वेळी घरी नसले तर टाकी रिकामी राहते. 'बघू, करू सगळे मिळून' हे उत्तर आले तर समजावे की एकालाच करावे लागणार आहे.

पाचवा विषय व्यसन. दारू, सिगारेट, मावा, ऑनलाइन पैशाचे खेळ. पहिले तीन दिसतात, चौथा दिसत नाही आणि सगळ्यांत महाग पडतो. या खेळात बुडालेला मुलगा आधी उसने मागतो, मग भाड्याचे गोळा केलेले पैसे वापरतो. सुरुवातीच्याच महिन्यात वारंवार उसनवारी दिसली तर भाडे गोळा करायचे काम त्याच्याकडे देऊ नये. आणि शक्य असेल तर त्याच्याशी बोलावे, कारण बहुतेकदा त्याला मदतीची गरज असते.

सहावा विषय आजार आणि अडीनडी. फिट येते का, दमा आहे का, कुठली गोळी नेहमी लागते, घरचा कुणाचा फोन लावायचा? ही माहिती सांगण्याची सक्ती करू नये. ज्याला विश्वास वाटेल तो सांगेल. पण घरच्या एका माणसाचा नंबर प्रत्येकाने प्रत्येकाला द्यावा.

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. समोरच्याला आरोपीसारखे उभे करू नये. प्रत्येक प्रश्नाचे स्वतःचे उत्तर आधी द्यावे. 'मी रात्री घोरतो, आणि शनिवारी गावाला जातो' असे आपण सांगितले की तोही मोकळा होतो. एक भेट बाहेर चहाच्या गाड्यावर आणि दुसरी त्याच्या सध्याच्या खोलीवर घडवावी. त्याच्या कॉटखाली काय आहे यापेक्षा बेसिनमधली भांडी कालची की परवाची, याकडे बघावे. शेवटी त्याच्या आधीच्या रूम पार्टनरशी बोलावे आणि एकच प्रश्न विचारावा: पुन्हा याच्यासोबत राहशील का? 'चांगलाय की' असे उत्तर लगेच आले तर ठीक. बराच वेळ थांबून 'तसा चांगलाय' म्हणाला तर आणखी विचारावे.

हिशेब आणि निघण्याची वाट

उदाहरण घेऊ. गोडोलीत तिघांनी महिना ९,००० रुपये भाड्याने घर घेतले, डिपॉझिट ३०,०००. प्रत्येकी ३,००० भाडे, १०,००० डिपॉझिट. सप्टेंबरअखेर एकजण सोडून गेला. उरलेल्या दोघांना मेपर्यंतचे आठ महिने प्रत्येकी ४,५०० भरावे लागले, म्हणजे दोघांचा मिळून २४,००० रुपयांचा जादा भुर्दंड. जाणारा आपले १०,००० परत मागतो, मालक म्हणतो करार संपल्यावर बघू, आणि तिघांची मैत्री तिथेच संपते. यात लबाड कुणीच नाही. निघायचे कसे हे येतानाच ठरले नव्हते, एवढेच.

म्हणून तीन गोष्टी पहिल्या दिवशी लिहून काढाव्यात. सोडायचे असेल तर एक महिना आधी सांगायचे. बदली माणूस जाणाऱ्याने आणायचा, पण पसंत राहणाऱ्यांनी करायचा. नवा आला की त्याचे डिपॉझिट जाणाऱ्याला मिळेल आणि मालकाला तसे कळवले जाईल. ज्या तारखेला माणूस बदलेल त्या दिवशी विजेच्या मीटरचा फोटो काढून ठेवावा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. १०० युनिटच्या आतले घर इस्त्री, गिझर आणि इंडक्शनमुळे पुढच्या टप्प्यात गेले की बिल एकदम फुगते आणि 'माझा तर एकच पंखा' हा वाद निघतो. जास्त वीज खाणारी वस्तू ज्याची, त्याने किती जास्त द्यायचे हे आधी ठरवावे. गॅसचे तेच. सिलिंडर कुणाच्या नावावर आहे आणि संपल्यावर पैसे कोण काढणार, हे लिहिलेले असावे. वहीतले एक पान पुरते. त्यावर सगळ्यांच्या सह्या असाव्यात आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा फोटो असावा.

कागदपत्रे

११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असा समज दोन्ही शहरांत पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर उलट पुरावा येईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ही नोंदणी आता ऑनलाइन होते.

सोबत्यांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे करारात कुणाकुणाची नावे आहेत. एकाच्या नावावर करार आणि बाकीचे त्याचे 'पाहुणे', ही पद्धत सर्रास चालते. त्यात नाव असलेला सगळ्या भाड्याला बांधला जातो आणि नाव नसलेल्याला घरात राहण्याचा कागदी आधार राहत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवायला याच कायद्याने मनाई आहे. स्वाधारसारख्या योजनांतून भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत मिळते, तिथेही भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. नाव करारात नसले की तो मुलगा अडतो. म्हणून जितके राहणार तितकी नावे करारात असावीत, आणि माणूस बदलला की कागदही बदलावा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हे घरमालकाचे काम आहे. ते टाळणाऱ्या मालकापासून सावध राहावे. सोबत्यांनी एकमेकांचे ओळखपत्र बघायला हरकत नाही, पण आधारची प्रत द्यायची झाली तर सुरुवातीचे अंक झाकलेली द्यावी आणि ती ग्रुपवर टाकू नये.

मुलींसाठी थोडे जास्त

मुलींच्या बाबतीत चौकशी दुहेरी होते: सोबतिणीची आणि घराची. जादा किल्ली कुणाकडे आहे, मालक न सांगता आत येतो का, आतून कडी नीट लागते का, रात्री उशिरा परतताना शेवटच्या रस्त्यावर दिवे आहेत का, जिन्यात कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण कोण बघतो? सोबतिणीला विचारायचे ते हे: तिचा मित्र किंवा भाऊ घरी येणार का, आणि आला तर कुठपर्यंत? यावर एकमत नसेल तर त्या दोघींनी एकत्र राहू नये. यात कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करायचे कारण नाही. मालकीणबाई अनेकदा एका मुलीला दुसरीवर पाळत ठेवायला सांगतात. ते काम कुणी घेऊ नये. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक नियम पाळावा: रात्री ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर होणार असेल तर ग्रुपवर एक ओळ टाकायची, कारण सांगायची गरज नाही. आणि अडचणीत ११२ ला फोन करायला कचरू नये.

नदीची चौकशी

सांगलीत एक प्रश्न जास्तीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फूट ६ इंचांवर गेली; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पाणी शहरात शिरले. नदीकाठच्या आणि सखल भागांत भाडे कमी असते, म्हणून विद्यार्थी तिथे जातात. घर घेताना २०१९ ला पाणी भिंतीवर कुठपर्यंत होते हे शेजाऱ्यांना विचारावे. सोबत्यांमध्येही ठरवून ठेवावे: इशारा आला की कागदपत्रे आणि पुस्तके कोण वर नेणार, जो गावाला गेला आहे त्याचे सामान कोण उचलणार, घर सोडावे लागले तर त्या दिवसांच्या भाड्याबद्दल मालकाशी कोण बोलणार? पुराच्या आठवड्यात सोबत्याची जेवढी पारख होते तेवढी वर्षभरात होत नाही. म्हणून ती बोलणी आधी झालेली बरी.

संस्थांनी काय करावे

हा सगळा भार अठरा-वीस वर्षांच्या मुलांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. वसतिगृहाच्या जागा अपुऱ्या आहेत, म्हणून तर ही मुले बाजारात खोली शोधतात. प्रत्येक कॉलेजने जूनमध्ये एक तक्ता ठेवावा: ज्यांना सोबती हवा त्यांनी आपली उठण्या-झोपण्याची वेळ, स्वयंपाकाची पद्धत, परवडणारे भाडे एवढेच लिहावे, नाव आणि फोन कार्यालयात. आडनाव न दिसता वेळा जुळलेली दोन माणसे आधी भेटतील, मग एकमेकांची नावे विचारतील. नोंदणीकृत कराराचा साधा मराठी नमुना ग्रंथालयात मिळावा. वाद झाला तर ऐकून घेणारा एक प्राध्यापक नेमलेला असावा. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही.

पालकांनाही एक सांगायचे आहे. मुलाला सोडायला येता तेव्हा त्याच्या सोबत्यांना पाव्हणं म्हणून जरूर विचारा, त्यांच्या घरच्यांचे नंबर घ्या, सगळ्यांना एकत्र जेवायला न्या. पण तुमच्या मुलाला कुणासोबत राहता येईल हे सोबत्याच्या जातीवरून ठरवू नका. आणि आपल्या मुलाचीही पारख करा: त्याला भांडी घासता येतात का, पैसे मोजून ठेवता येतात का, चूक झाली तर 'माझं चुकलं' म्हणता येते का? चांगला रूम पार्टनर शोधायला निघालेल्या मुलाने आधी तसा होऊन दाखवले पाहिजे. सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र राहणे भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले होते आणि त्यासाठी त्यांच्याकडे आजच्याइतकीही साधने नव्हती. तेव्हा आपल्याला जमणार नाही असे म्हणायला जागा नाही.